फुकटाची उचल

आमच्या बीड शहरात संगणक दुरुस्तीची जी छोटी छोटी दुकाने आहेत, तिथे एक वाक्य हमखास कानावर पडते : 'फॉरमॅट मारून देतो, विंडोज टाकून देतो, ऑफिस फुकट.' या वाक्यातल्या शेवटच्या शब्दाविषयी मला येथे लिहायचे आहे. हा शब्द उच्चारताना दुकानदाराचा आवाज खाली येत नाही आणि ऐकताना गिऱ्हाईक इकडेतिकडे पाहत नाही. दोघांच्याही मनात चोरीचा विचार नसतो. चोर म्हणावीत अशी ही माणसे नाहीतच. मापात पाप न करणारा किराणा दुकानदार, चुकून जास्त आलेली नोट परत करायला गल्लीच्या टोकापर्यंत धावत जाणारा शिंपी, मस्जिदीच्या बांधकामाचा पै-पैचा हिशेब ठेवणारा खजिनदार, यांच्यापैकी कुणाचाही संगणक उघडून पाहा. खजिनदाराचा तो काटेकोर हिशेब बहुधा क्रॅक केलेल्या एक्सेलमध्येच लिहिलेला असतो.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलम ६३-ब घालण्यात आले. संगणकाच्या प्रोग्रामची बेकायदा प्रत माहीत असून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता केवळ दंडावर सोडू शकते. पण कायद्याच्या भीतीने कुणाचे मन बदललेले मी पाहिलेले नाही, आणि भीतीने बदललेल्या मनाचा नीतीशी फारसा संबंधही नसतो. प्रश्न असा आहे की, कायदा बाजूला ठेवला तर हे कृत्य कसे आहे?

आपल्याकडे दोन समर्थने ऐकू येतात. पहिले असे की कंपनी अमेरिकेची, मालक जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक, त्याला आमच्या चार पैशांनी काय फरक पडणार! हे समर्थन फार वेळ टिकत नाही. हक्क कुणाचा आहे हे त्याच्या खिशाकडे पाहून ठरत नाही. आणि ही सवय दूरच्या श्रीमंतापाशी थांबतही नाही. जी माणसे विंडोजची प्रत करतात तीच पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्री-लिपी'चीही करतात. उर्दू मजकूर जुळवणारी तीच दुकाने दिल्लीत तयार झालेल्या 'इनपेज'चीही करतात. मराठी आणि उर्दू अक्षरे संगणकावर आणणारे हे लोक अमेरिकेचे धनाढ्य नव्हेत, आपल्याच भाषांचे कारागीर आहेत. नूरी नस्तालीकसाठी मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ च्या आधी हजारो जोडतुकडे हाताने लिहून काढले. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी टंक आमच्या र. कृ. जोशींच्या हातचा. श्रीमंतावर नेम धरून सोडलेली गोळी अनेकदा या माणसांना लागते.

दुसरे समर्थन अधिक खोल आहे. 'मी प्रत केली; पण त्यांचे काय गेले? त्यांच्याजवळची वस्तू तशीच आहे.' हे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. बैल चोरीला गेला तर गोठा रिकामा होतो. प्रत केल्याने काहीच रिकामे होत नाही. म्हणूनच आपल्या फिकहमध्येही या प्रश्नावर मोठा खल झाला. हनफी परंपरेत 'माल' म्हणजे साठवून ठेवता येईल अशी वस्तू. निव्वळ हक्क हा माल नव्हे, असे अनेक जुन्या उलेमांचे मत होते. दुसरीकडे डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला भरलेल्या पाचव्या अधिवेशनात जागतिक इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला की लेखन, संशोधन, व्यापारी नाव यांवरचे हक्क शरीअतने मान्य केलेले हक्क आहेत आणि त्यांच्यावर अतिक्रमण करता येणार नाही. मौलाना अशरफ अली थानवींनी तर आपल्या पुस्तकांचे हक्क राखूनच ठेवले नाहीत. ज्याला हवे त्याने 'बहिश्ती जेवर' छापावे. हे उदाहरण आमचे लोक मोठ्या उत्साहाने देतात. पण तिथे सोडून देणारा स्वतः लेखक होता, हे विसरतात. आपले देऊन टाकणे आणि दुसऱ्याचे आपणच सोडून दिल्यासारखे धरणे, यात अंतर आहे.

नक्कल करणे हे मुळात पाप आहे असे मात्र मी म्हणणार नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा सतराव्या शतकातला 'योगसंग्राम' आपल्या हाती आला तो कुणाकुणाच्या अंगणात बसून कुणी नकलून घेतला म्हणून. नकलणाऱ्याने कुणाची परवानगी मागितली नव्हती, आणि मागितली असती तर संतकवीलाच नवल वाटले असते. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, हा अनुभव आपल्या मदरशांचा आहे, मठांचाही आहे.

मग 'काय गेले?' या प्रश्नाला उत्तर काय? मला वाटते, आपण वस्तूकडे पाहतो म्हणून गोंधळतो. श्रमाकडे पाहिले पाहिजे. शेतमजुराने दिवसभर खुरपणी केली आणि संध्याकाळी मालकाने मजुरी दिली नाही, तर त्या मजुराच्या घरातून कोणती वस्तू नाहीशी होते? एकही नाही. खुरपे त्याच्याजवळच असते, घरची ज्वारी तेवढीच असते. तरीही आपण म्हणतो, मजुरी बुडवली. न दिसणारी वस्तूही बुडवता येते, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

येथे कुणी विचारील की ज्या मुलाची विकत घेण्याची ऐपतच नव्हती, तो कधीच गिऱ्हाईक होणार नव्हता, त्याने कुणाची मजुरी बुडवली? आक्षेप खरा आहे. झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान चालवून त्यावर पैसे मिळवणारा आणि घरी बसून टायपिंग शिकणारा गरीब विद्यार्थी, यांना मी एकाच पारड्यात घालणार नाही. कायदाही घालत नाही. मात्र त्या विद्यार्थ्यापुरता प्रश्न संपत नाही, तो उलटा होतो. त्याने कुणाचे काय घेतले हे क्षणभर सोडा. त्याच्याकडून काय घेतले जात आहे, ते पाहू.

आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी आली की मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हातात एकदम आलेले पैसे लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात जातात, आणि मग पाच-सहा महिने कुठल्या कारखान्याच्या फडात राबायचे हे त्या पैशांनी ठरवलेले असते. उचल घेताना कुणालाही आपण विकत घेतले गेलो असे वाटत नाही. नड भागली म्हणून बरेच वाटते.

संगणकाच्या बाबतीत हे गणित खुद्द बिल गेट्स यांनी बोलून दाखवले आहे. गंमत म्हणजे हेच गेट्स १९७६ साली, विशीत असताना, आपला बेसिक हा प्रोग्राम लोक फुकट नकलतात म्हणून उघड पत्र लिहून चिडले होते. आणि १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसमोर चीनविषयी बोलताना ते म्हणाले त्याचा आशय असा, की हे लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे. त्यांना त्याची सवय लागेल आणि पुढे कधीतरी वसुली कशी करायची ते आम्ही पाहू. याला आमच्याकडे काय म्हणतात? उचल. फुकटाची प्रत ही उचल आहे. मुकादम दिसत नाही एवढेच.

ही वसुली अनेक वाटांनी होत आली आहे. शाळेत तेच, परीक्षेत तेच, कचेरीत तेच, म्हणून नोकरीच्या जाहिरातीतही तेच. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला. लाखो मराठी मुलांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो याच अभ्यासक्रमामुळे. हे काम लहान नव्हे. पण त्याचा भर विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर राहिला. 'संगणक शिकणे' आणि 'एका कंपनीचा माल वापरायला शिकणे' यांतला फरक त्या पिढीला कुणी सांगितला नाही. केरळने सरकारी शाळांसाठी वेगळी वाट धरली. तिथल्या मुलांचे संगणकाचे शिक्षण गेली कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर होते. तीही मुले पुढे नोकऱ्या करतातच.

आणि मग वसुलीचा दिवस येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. म्हणजे त्यातल्या भोकांना ठिगळे लावणे कंपनीने थांबवले. ज्यांनी नोंदणी केली त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ देऊ केली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्या यादीत बसत नाहीत. यंत्र चालू आहे, पडदा ठीक आहे, कळा ठीक आहेत. पण कागदोपत्री ते म्हातारे झाले. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी काढून टाकलेले असे लॅपटॉप आपल्याकडे येतात, दहा-पंधरा हजारांत विकले जातात आणि एखाद्या घरातली पहिलीच पदवीधर होणारी मुलगी त्यावर शिकत असते.

या ठिकाणी तिसरी वाट सुरू होते. तिची सुरुवात कागद अडकण्यातून झाली, हे मला फार आवडते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी अशी सोय केली होती की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जाई. नवा झेरॉक्स प्रिंटर आला. त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ज्या माणसाजवळ तो होता त्याने नकार दिला, कारण कुणालाही न देण्याचे वचन त्याने कंपनीला दिले होते.

वचन पाळणारा माणूस वाईट कसा? नीतीच्या दृष्टीने येथेच खरा पेच आहे. स्टॉलमन यांनी काढलेला अर्थ असा की दोष वचन पाळण्यात नाही, असे वचन देण्यातच आहे. शेजाऱ्याला मदत करणार नाही, असा करार करायचाच कशाला? आपण विंडोज किंवा ऑफिस घालताना 'मान्य आहे' या शब्दावर क्लिक करतो तेव्हा अगदी हेच वचन देतो : कुणाला देणार नाही, आत काय आहे ते उघडून पाहणार नाही. मग दुसऱ्याच मिनिटाला शेजारच्या मुलाला पेनड्राइव्ह देतो. म्हणजे आधी जे वचन देऊ नये ते दिले आणि मग दिलेले मोडले. प्रत न करता विकत घेणारा प्रामाणिक माणूस दुसऱ्या दोषातून सुटतो, पहिला त्याच्याजवळ उरतोच. जिथे असे वचन मागितलेच जात नाही, अशी जागा हवी होती. त्यासाठी स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला, १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो त्याच परवान्याखाली आणला. आज आपल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तो गाभा आहे.

जीपीएल समजावून सांगताना मला वक्फखेरीज दुसरा शब्द सापडत नाही. वाकिफ आपली जमीन किंवा विहीर लोकांसाठी सोडतो आणि सोबत शर्त घालतो : ही विकायची नाही, वारसांत वाटायची नाही, हिचा उपयोग कायम लोकांना. जीपीएलची शर्तही याच जातीची आहे. घ्या, वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, वाटण्याचे पैसेही घ्या. पण बदललेले दुसऱ्याला दिलेत तर त्याच शर्तीवर, सोर्स कोडसह द्या. लोकांचे घेऊन स्वतःचे कुंपण घालायचे नाही. उपमा पूर्ण जुळत नाही, हेही सांगितले पाहिजे. वक्फमध्ये मालकी अल्लाहकडे जाते. जीपीएलमध्ये लेखक कायद्याने हक्कदार राहतो आणि त्या हक्काच्या जोरावरच शर्त लादतो. म्हणजे ज्या कॉपीराइटने कुंपण घातले जाते त्याच कॉपीराइटने येथे फाटक उघडे ठेवले आहे. शर्त कितीही चांगली असली तरी ती पाळायला भाग पाडणारी माणसे लागतात, हे मात्र दोन्हीकडे सारखे. मराठवाड्यातल्या वक्फच्या आणि इनामी जमिनींचे काय झाले, हे या वार्षिकाच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.

इथवर सगळे तात्त्विक झाले. प्रत्यक्षात काय होते? आमच्या मोहल्ल्यात एका शिंप्याची मुलगी बी.एस्सी.ला आहे. तिचा लॅपटॉप असाच कुठल्यातरी कचेरीतून निवृत्त झालेला, चार जीबी रॅमचा. दुकानदाराने त्यात क्रॅक केलेली विंडोज १० घालून दिली होती आणि क्रॅकसोबत आणखी काय काय आले होते ते त्यालाही ठाऊक नसावे. पडद्यावर जाहिराती उगवत, पंखा सतत घोंघावत असे. आम्ही लिनक्स मिंट आणले. तीनेक जीबीची फाईल उतरवून घ्यायची, पेनड्राइव्हवर चढवायची, लॅपटॉप सुरू होताना एफ-१२ किंवा कंपनीप्रमाणे दुसरी कळ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. लॅपटॉपमध्ये काहीही न घालता ही सिस्टिम आधी चालवून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, कळा बरोबर उमटतात का, हे पाहा आणि मगच ठरवा. विकणाऱ्याने आधी ताटात वाढून चव घ्यायला सांगावी, नाही आवडले तर उठून जा म्हणावे, असा हा प्रकार.

मराठी लगेच लिहिता आले. इन्स्क्रिप्टचा कळफलक विंडोजमध्ये जसा तसाच येथे, कारण तो सरकारी मानक आहे, कुणा कंपनीचा नव्हे. 'कऱ्हाड', 'दुसऱ्या' यांतला अर्धा ऱ् नीट उमटतो का हे मी सवयीने पाहतो, उमटला. उर्दूसाठी नोटो नस्तालीक हा टंक फुकट आणि मुक्त मिळाला. अक्षरांना अक्षरे जोडण्याचे काम आत जो प्रोग्राम करतो त्याचे नाव हार्फबझ. इराणी वंशाच्या बहदाद इस्फहबोद यांनी तो वाढवला आणि नाव फारसीतले ठेवले : हर्फ आणि बाज, म्हणजे खुले अक्षर. देवनागरीतली वेलांटी आणि नस्तालीकची उतरण हा एकच प्रोग्राम सांभाळतो. तुमच्या अँड्रॉइड फोनवर मराठी दिसते तीही त्याच्याच मेहनतीने.

अडचणीही आल्या. गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात जो लेझर प्रिंटर असतो तो बोलेचना. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी पीडीएफ करून फोनवरून पाठवायचे ठरले. मुलगी हे सर्व शांतपणे पाहत होती. मग मी विंडोज पुसून टाकण्याची गोष्ट काढली तेव्हा ती म्हणाली, 'चाचा, उसूल तुम्हारा है, नोकरी मेरी है. टायपिंग का पेपर उसीच पे होता.'

या एका वाक्यापुढे मुक्त सॉफ्टवेअरची सगळी पुस्तके क्षणभर गप्प बसतात. तत्त्व माझे, आणि त्याची किंमत कुणी मोजायची? माझ्याजवळ निवृत्तिवेतन आहे, मला परीक्षा द्यायची नाही. तिला महसूल खात्यातल्या भरतीत दहा हजार मुलांशी स्पर्धा करायची आहे. स्वतः उपाशी राहणे हा रोजा झाला. दुसऱ्याला उपाशी ठेवणे हा रोजा नव्हे. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत एक कडवेपणा असतो, तो मला मान्य नाही. ज्या सॉफ्टवेअरचे सगळे मोठेपण स्वातंत्र्यात आहे ते दुसऱ्याच्या यंत्रात न विचारता घालणे, म्हणजे बळजबरीने मुक्त करणे.

पण तिच्या वाक्यात दुसरीही एक गोष्ट आहे. तिला विंडोज आवडते असे ती म्हणाली नाही. पेपर त्यावर होतो, एवढेच म्हणाली. म्हणजे निवड तिची नाही, माझीही नाही. ती पेपर काढणाऱ्याची आहे. तेव्हा नैतिक ओझेही जिथे निवड आहे तिथेच टाकले पाहिजे. गरीब विद्यार्थिनीच्या लॅपटॉपमधल्या चोरट्या प्रतीवर वाझ (प्रवचन) झोडणे सोपे आहे. ज्या संस्था लोकांच्या पैशांवर चालतात, शाळा, परीक्षा मंडळे, ग्रंथालये, आमच्या अंजुमन आणि मदरसेसुद्धा, त्यांना विचारणे अवघड : तुम्ही मुलांना एकाच दारातून का जायला लावता? दार विकत घ्यायची मुलांची ऐपत नाही, हे ठाऊक असूनही लावता, म्हणजे चोरी तुम्हीच शिकवता.

तिच्या लॅपटॉपमध्ये शेवटी दोन्ही राहिले. सुरू करताना यंत्र विचारते, कशात जायचे? परीक्षेचा सराव एकीकडे, बाकीचे सगळे दुसरीकडे. विंडोजच्या त्या प्रतीचे काय करायचे हे तिने ठरवायचे आहे. माझे म्हणणे मी तिला सांगितले आहे, तिने ऐकले आहे.

आता ज्यांना निवड आहे त्यांच्याविषयी. माझ्यासारखी माणसे लिनक्स घालतात आणि समाधानाने म्हणतात, हलाल झाले, शिवाय फुकट! येथे तो शब्द पुन्हा आला. बीडजवळची खजाना बावडी पाहिलेली नाही असा वाचक आपल्या जिल्ह्यात विरळा. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमलात सलाबतखानाने ती बांधली. भुयारी मार्गाने पाणी येते आणि मोट नाही, पंप नाही, भुयारी मार्गानेच शेतांकडे वाहत जाते. पाणी पिणारा पैसे देत नाही. पण ती भुयारे कुणीतरी खोदली, दगड कुणीतरी बसवले, आणि गाळ काढायला कुणीतरी उतरले नाही तर सलाबतखानाची पुण्याईही पाणी पुढे ढकलू शकत नाही.

सॉफ्टवेअरच्या विहिरीत गाळ साचतो तेव्हा काय होते हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. एक्सझेड हा फाईली आवळून लहान करणारा छोटासा प्रोग्राम लिनक्सच्या असंख्य यंत्रांत असतो. तो वर्षानुवर्षे एकटा माणूस, पगाराविना, फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता, हे त्याने लिहूनही ठेवले होते. वापरणारे त्याला धीर देण्याऐवजी तगादा लावत होते. अशा वेळी 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मदतीला आला, दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवला, किल्ल्या हाती घेतल्या आणि मग आत चोरदरवाजा बसवला. तो उघडकीला कसा आला? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आले की दूरच्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. तो अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. मजकूर उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आले. हा फ्रॉइंड नोकरीला कुठे होता? मायक्रोसॉफ्टमध्ये. माणसांची अशी सोपी वाटणी करून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, मीसुद्धा घेतो.

या घटनेत अमानतीत खयानत करणारा एक आहे; त्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण त्या एकट्या थकलेल्या माणसावर सगळ्यांनी भार टाकला होता, ही खयानत कुणाची? चोरट्या प्रतीत मजुरी बुडते असे मी वर म्हटले. येथे मजुरी मागितलेलीच नाही, म्हणून ती बुडाली असे म्हणता येत नाही. तरी ज्याने मागितले नाही त्याचे आपण काहीच देणे लागत नाही, हे मन मानत नाही. पैसे देणे हा एकच मार्ग नाही. ऑफिसचे काम करणारे लिब्रेऑफिस आणि इंटरनेटसाठीचे फायरफॉक्स मराठीत आहेत, कारण कुणीतरी एकेका शब्दासाठी मराठी शब्द शोधत बसले. त्यांतले कित्येक शब्द अवघडलेले आहेत, पुण्याच्या फायलीतून उचलल्यासारखे. आमच्या लेखकांनी, ज्यांच्या मराठीत उर्दू आणि दखनीचा ओलावा आहे, तिकडे कधी पाहिले आहे का? दखनी शब्दांची साधी यादी, स्पेलिंग तपासणीच्या कोशात 'कयामत', 'सवाब', 'रोजा' हे शब्द चूक म्हणून लाल रेघेखाली येऊ नयेत एवढे काम, कुठलाही शाळामास्तर करू शकतो.

आणि एक काम तर केवळ आपलेच आहे. या प्रकारची वार्षिके, स्मरणिका, संमेलनांचे अंक जिथे जुळवले जातात अशा एका दुकानात मी मध्यंतरी बसलो होतो. दुकानदाराजवळ १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या फाईली आहेत, पेजमेकरमधल्या. युनिकोडच्या आधीचे मराठी टंक इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. तो टंक असेल तर मराठी दिसते, नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्याच्याजवळचा टंक ज्या जुन्या विंडोजवर चालतो ते यंत्र आता कधी सुरू होते, कधी होत नाही. मूळ परवाना नव्हताच, तेव्हा कंपनीकडे मदत मागायलाही तोंड नाही. कथा, गझला, आत्मकथनांची प्रकरणे त्यात आहेत; काही लेखक आता हयात नाहीत आणि काहींच्या घरी छापील अंकही उरलेला नाही. या टंकांतून युनिकोडमध्ये मजकूर बदलणारे छोटे प्रोग्राम मिळतात, पण प्रत्येक टंकाची जुळणी वेगळी. जोडाक्षरे फुटतात, रफार पुढच्या अक्षरावर जातो आणि प्रत्येक पान माणसाने वाचूनच दुरुस्त करावे लागते. त्याने मला विचारले, 'सर, एका अंकाला किती दिवस लागतील?' मी म्हटले, दोघे बसलो तर पंधरा. त्याने फाईली मोजल्या. सव्वीस अंक आहेत.